रिकाम्या ग्लासाचा वास

मित्रांनो, मी वाइन पारखण्याचा एक जुना ग्लास आहे. भट्टीत फुंकर घालून मला घडवलं, तेव्हा पोट गोल ठेवलं आणि तोंड अरुंद, म्हणजे वास आत कोंडून राहावा. तीस वर्षं मी एकाच परीक्षकाच्या हातात आहे. सगळे त्यांना नाकवाले काका म्हणतात. वाइन ओतण्याआधी ते मला रिकामाच हुंगायचे. हा त्यांचा नेमच होता.

यंदा मात्र लोक कुजबुजू लागले, "काकांचं नाक गेलं." ते त्यांच्या कानावर आलंच. त्याच सुमारास आवराआवरीत मला इतर ग्लासांसोबत पुठ्ठ्याच्या खोक्यात पालथं घालून ओलसर तळघरात ठेवलं. महिनाभर तो कुबट वास मी पोटात साठवत राहिलो.

मग एका सकाळी थंड डोंगरउतारावरच्या द्राक्षबागेची ताई आपली पहिली शार्डोने, म्हणजे पांढरी वाइन, घेऊन आली. एवढ्या गारठ्यात द्राक्षं धड पिकायची नाहीत, असं घरचे तिला बजावत होते. काकांचा शेरा वाईट आला, तर सगळ्या वेली उपटायच्या असं ठरलं होतं.

नाक शाबूत आहे हे दाखवायच्या घाईत काकांनी मला खोक्यातून काढलं, पण हुंगलंच नाही. थेट ओतलं. फिकट, हिरवट झाक असलेली वाइन. मला गोल फिरवून त्यांनी नाक आत घातलं आणि कपाळाला आठी पडली.

"कुबट आहे. ओल्या पुठ्ठ्यासारखी."

"काका, पुन्हा एकदा बघा ना."

"अगं, हे नाक तुझ्या वयापेक्षा जुनं आहे."

त्यांनी पेन उचललं. खोट माझ्यात होती, आणि मला ओरडता येत नव्हतं.

ताईने बाटलीचं तोंड हुंगलं; तिथे कुबट वास नव्हता. मग खोक्यातला दुसरा, कोरा ग्लास काढून काकांपुढे धरला. "यात तर काहीच ओतलेलं नाही. हुंगा."

काकांनी हुंगलं. पेन खाली ठेवलं.

"नाक नाही गेलं गं," ते हळूच म्हणाले. "नेम गेला."

मला गरम पाण्याने धुतलं, खिडकीत वाळवलं. या वेळी हिरव्या सफरचंदाचा आणि लिंबाच्या सालीचा वास आला. काकांनी परीक्षकांच्या रीतीप्रमाणे घोट तोंडात घोळवून थुंकला. "आंबट आहे, पण तोंडाला पाणी सुटतंय. थंडीतली आहे आणि चांगली आहे. वेलींना हात लावू नकोस."

आता मी मोकळ्या फळीवर असतो. तरी खोकं दिसलं की अजून धास्तावतो. मित्रांनो, आम्हाला स्वच्छ, कोरडं, हवेशीर ठेवा. आणि आमच्यातल्या कशाला वाईट ठरवण्याआधी एकदा आम्हालाच हुंगून बघा. आम्हाला आपणहून कबुली देता येत नाही.