शून्य त्रिज्या

धूमकेतू सूर्यात शिरला आणि दुसऱ्या बाजूने शेपटीसकट बाहेर आला. तिने पडद्यावरचं चित्र थांबवलं, मागे नेलं, पुन्हा सोडलं. तो पुन्हा तसाच बाहेर आला, आंघोळ करून निघाल्यासारखा.

धूमकेतू तिने कालच घातला होता, सरांच्या निरोपाच्या व्याख्यानात जरा गंमत म्हणून. बाकीची सूर्यमाला सरांची, जुनी. त्याच प्रोग्रॅमवर तिने पाच वर्षं ग्रह फिरवले होते. दर फेरीला, म्हणजे प्रोग्रॅम नव्याने चालवताना, बुधाला केसभर सरकवायचं आणि पुढच्या अब्जावधी वर्षांत काय होतं ते बघायचं. शंभर फेऱ्या झाल्या, एकदाही धडक नाही. सर आज तेच सांगणार होते. तिचा प्रबंधही त्यावरच उभा होता, पुढच्या आठवड्यात द्यायचा होता.

तिने फेऱ्यांचे आकडे उघडले. एका ठिकाणी बोट थांबलं. बुध आणि शुक्र, केंद्रापासून केंद्रापर्यंत, पाच हजार किलोमीटर. शुक्राची नुसती त्रिज्याच सहा हजारांवर. म्हणजे बुध शुक्राच्या पोटातून आरपार गेला होता आणि प्रोग्रॅमने हूं की चूं केलं नव्हतं.

"झालं का गं? हॉल भरत आलाय." सर बाहीचं बटण लावत आत आले. मागे काकू, हातात सरांचा चष्मा.

"सर, बसा जरा."

"आता बसायला वेळ कुठंय?"

"बसाच."

तिने धूमकेतू दाखवला. सर आधी हसले. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. तिने शुक्राचा आकडा दाखवला.

"त्रिज्या," ते म्हणाले. "सगळ्यांची शून्य आहे. मीच ठेवली होती. तेव्हाचं मशीन धडक झाली की गोंधळायचं. म्हटलं, तात्पुरतं ग्रहांना बिंदू करू, नंतर बघू."

"आणि राहून गेलं."

"राहून गेलं."

"आमचा मोरीतला नळही यांनी तात्पुरताच बांधलाय," काकू दारातून म्हणाल्या. "मुलगी मोठी होऊन सासरी गेली, दोरी आहे तिथंच."

कुणी हसलं नाही. सरांनी आवाज खाली आणला.

"आजचा दिवस जाऊ दे. नंतर दुरुस्ती छापू. तोवर तुझा प्रबंधही मंजूर होईल. नाहीतर पाच वर्षं पाण्यात जातील तुझी, कळतंय ना?"

"कळतंय."

"मग?"

"मग काय सर. बुध शुक्रातून जात नाही."

तिने त्यांच्या व्याख्यानातलं शेवटचं चित्र उघडलं. 'धडक नाही' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. ते पुसलं, पेनड्राइव्ह काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"तेवढी जागा कोरी ठेवलीय. तिथं काय बोलायचं ते तुम्ही ठरवा."

सरांनी पेनड्राइव्ह घेतला आणि ते निघाले. काकूंनी मागोमाग जात चष्मा त्यांच्या खिशात सरकवला.

ती हॉलकडे गेली नाही. तिने बुधाची त्रिज्या लिहिली, शुक्राची, पृथ्वीची, शेवटी सूर्याची. आकडे दोनदा ताडून पाहिले आणि पहिली फेरी नव्याने लावली.

भिंतीपलीकडून सरांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग तो थांबला. टाळ्या इथं यायला हव्या होत्या. आल्या नाहीत. एक खुर्ची करकरली. कुणीतरी काही विचारलं, मग आणखी कुणी. तिने पडद्यावरची नजर हलवली नाही.

दार ढकलून काकू आल्या. त्यांना थोडा दम लागला होता.

"तुला बोलावलंय. सगळं सांगून टाकलं त्यांनी. आता लोक विचारतायत, खरंच धडकले तर पुढं काय होतं. तर हे म्हणाले, 'मला माहीत नाही.'" काकू दाराला टेकल्या. "इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं बघ."

"मलाही माहीत नाही, काकू," ती म्हणाली, आणि चालू फेरी तशीच ठेवून उठली.