बिनदोऱ्याची सुई

कारखान्यात तिला सगळे नक्षीताई म्हणायचे. बारा वर्षं तिने कपड्यांवर पेन्सिलीने नक्षी उतरवली होती. मग मालकाने संगणक आणला, त्यात शब्द लिहिले की चित्र काढून देणारं एआय आलं आणि नक्षीताईच्या हातातली पेन्सिल गेली. आता तिचं काम म्हणजे प्रॉम्प्ट लिहायचं. टी-शर्टवर काय छापायचं ते यंत्राला शब्दांत सांगायचं.

पहिले दोन महिने तिची फजितीच झाली. शिवणयंत्रं विकणाऱ्या एका दुकानदाराने दुकानाला पंचवीस वर्षं झाली म्हणून तीनशे टी-शर्ट सांगितले होते. छातीवर शिवणकाम करणाऱ्या बाईचं चित्र हवं होतं. नक्षीताईने लिहिलं, ‘शिवणकाम करणारी सुंदर बाई, आकर्षक, उत्तम दर्जा.’ यंत्राने मोकळ्या केसांची, गालांवर गुलाबी रंग लावलेली एक बाहुली काढून दिली. तिच्या एका हाताला सहा बोटं होती आणि मशीनला दोराच नव्हता.

छपाईचे मास्तर मागे येऊन उभे राहिले. “ही बाई शिवायला नाही, लग्नाला निघालीय,” ते म्हणाले.

“मास्तर, मी सुंदर लिहिलं म्हणून तसं आलं.”

“तेच चुकतंय. हा आहे सांगकाम्या. सुंदर, छान, आकर्षक हे त्याला कळत नाही. तू एखाद्या आंधळ्या माणसाला सांगतेयस असं समज. बाई किती वर्षांची, कशी बसलीय, उजेड कुठून येतोय, हातात काय आहे. आणि शेवटी आपलं सांग. रंग चार, रेषा जाड, मागे काही नको. बारीक रेषा छपाईत तुटतात.”

“पण सांगायला आधी दिसायला तर हवं.”

“मग बघ की कुणाकडे तरी,” मास्तर म्हणाले आणि शाईचा डबा उचलून गेले.

बघायला लांब जायची गरज नव्हती. तिच्या सासूबाई बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसून लोकांचे कपडे दुरुस्त करून द्यायच्या. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, कोटाचं अस्तर लावणं, असली कामं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण नक्षीताईने त्यांच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. घरातल्या माणसाकडे कोण बघतं? ते असतंच.

तीन दिवस ती भाजी निवडायच्या निमित्ताने समोर बसली आणि वहीत टिपत गेली. सासूबाईंना काही बोलली नाही. सांगितलं तर त्या केस विंचरून, ताठ होऊन बसतील आणि सगळं बिघडेल, असं तिला वाटलं. चौथ्या दिवशी तिने लिहिलं:

‘पासष्टीची बारीक चणीची बाई, पायाच्या शिवणयंत्रावर किंचित वाकलेली. उजेड डावीकडच्या खिडकीतून. केस आखूड, कानामागे खोचलेले. उजवी भुवई मधोमध तुटलेली, तिथे केस नाहीत. चष्म्याच्या काडीला निळं बटण दोऱ्याने बांधलेलं. ओठ मिटलेले, मनात काही मोजत असल्यासारखे. डाव्या बाहीवर ओळीने सात सुया टोचलेल्या, सहा सुयांत सहा रंगांचे दोरे, सातवी बिनदोऱ्याची. रंग चार, रेषा जाड, मागे काही नाही.’

दोरे सहा रंगांचे आणि छपाई चार रंगांत, म्हणून मास्तरांनी तीन दोरे काळे करून घेतले. बोटं पाच येईपर्यंत, सुया सातच येईपर्यंत तिने कितीतरी वेळा शब्द बदलले. शेवटी जे चित्र आलं ते बघून तिचा हात माउसवरून आपोआप बाजूला झाला. पडद्यावर सासूबाई बसल्या होत्या. त्यांना न विचारता त्यांना इथे आणल्याची तिला मनातून लाज वाटली. पण मास्तर म्हणाले, “आता जमलं,” दुकानदार खूश झाला, आणि कौतुकापुढे लाज किती टिकणार? तीनशे टी-शर्ट छापून गेले.

पाच आठवड्यांनी, दुपारच्या सुट्टीत, एक बाई कारखान्यात आली. पंचेचाळीस-सेहेचाळीसची, उंच, खांदे रुंद. शाळेची बस चालवते म्हणाली. पिशवीतून तिने तोच टी-शर्ट काढून टेबलावर पसरला.

“गॅरेजमधल्या मेकॅनिकच्या अंगावर होता. त्याच्याकडून मागून घेतला. त्याला ज्या दुकानातून मिळाला तिथे गेले, त्यांनी तुमचा पत्ता दिला. हे चित्र कुणी काढलं?”

“यंत्राने,” नक्षीताई म्हणाली.

“यंत्राला कुणी सांगितलं?”

“मी.”

“कुणाकडे बघून?”

त्या बाईने चित्रातल्या भुवईवर बोट ठेवलं. “ही माझ्या बापाने फोडली. पितळी तांब्याने. मी दारात उभी होते.” मग बोट बाहीवर सरकलं. “आणि ही सातवी सुई माझी. मी सहा वर्षांची होते, मला ओवायला फार आवडायचं. आई माझ्यासाठी एक सुई रिकामी ठेवायची. एका सकाळी उठले तर मशीन जागेवर होतं, आई नव्हती. पळून गेली म्हणाले सगळे. हे जगात दुसऱ्या कुणाला माहीत असायचं कारण नाही. तुम्हाला कसं माहीत?”

नक्षीताईला काहीच माहीत नव्हतं. सुई रिकामी दिसली म्हणून तिने रिकामी लिहिली होती. भुवईचं विचारलं की सासूबाई सांगायच्या, लहानपणी पायरीवर पडले. आणि त्यांना मूल एकच होतं, तिचा नवरा. निदान अकरा वर्षं ती तसं समजून होती.

“मला एक दिवस द्या,” ती कशीबशी म्हणाली. “तुमचा नंबर ठेवून जा. मी स्वतः फोन करते.”

त्या बाईने नंबर लिहून दिला. टी-शर्ट मात्र घडी घालून परत पिशवीत ठेवला.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून नक्षीताई घरी आली. वाटेत दहा वेळा तिने वाक्यं जुळवली आणि दहा वेळा मोडली. कारखान्यात उरलेला एक नमुन्याचा टी-शर्ट तिच्याजवळ होता. सासूबाई कोणाच्या तरी जाकिटाला चेन लावत होत्या.

“आई, माझ्या हातून एक चूक झालीय.”

त्यांनी टी-शर्ट लांब धरून पाहिला, मग जवळ घेऊन पाहिला. “ही मी आहे?”

“हो. तुम्हाला न विचारता केलं.”

“किती जणांच्या अंगावर आहे मी?”

“तीनशे.”

“अरे देवा. आणि धुवून दोरीवर उलटी टांगत असतील,” असं म्हणून त्या पुन्हा मशीनकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या. नक्षीताईला वाटलं, इथेच थांबावं. पण थांबून कसं चालणार होतं?

“आई, आज एक बाई आली होती. चित्र बघून. म्हणाली, ती सातवी सुई तिची आहे.”

सासूबाईंचा पाय चालतच राहिला. जाकिटाची कड संपली, कापड सुईखालून निघून गेलं, तरी मशीन नुसतं धावत होतं आणि दोऱ्याचा गुंता होत होता. नक्षीताईने वाकून चाक हाताने धरलं.

“असं खोटं कुणी बोलू नये,” सासूबाई अगदी हळू म्हणाल्या. “ती नाही गं. ती गेली. तापाने गेली.”

“कुणी सांगितलं?”

“तिच्या काकाने. त्या रात्री मी रक्ताळलेल्या तोंडाने बहिणीकडे गेले. आठ दिवसांनी मुलीला न्यायला परत आले तर घराला कुलूप. काका दारात भेटला. म्हणाला, तू गेलीस आणि पोर तापाने फणफणली, चार दिवसांत गेली, आता कुणाला न्यायला आलीस?” त्यांनी चष्मा काढला, पण डोळे कोरडेच होते. “तू काय लिहिलं होतंस यंत्राला? वाच.”

नक्षीताईने वही काढून वाचलं. रंग चार, रेषा जाड इथपर्यंत सगळं. सासूबाई मान खाली घालून ऐकत होत्या.

“इतकं माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “विचारून पाहिलं असतंस तर मी बाही झाकली असती.” मग गुंतलेला दोरा तोडत त्यांनी विचारलं, “उंच झालीय का गं?”

“माझ्यापेक्षा वीतभर. शाळेची बस चालवते.”

सासूबाईंनी दोन्ही हात मशीनवर टेकले. रडणं नव्हे, पण घशातून एक आवाज आला, तसा आवाज नक्षीताईने त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता.

संध्याकाळी नवरा कामावरून आला. तो वायरमन, बोलायला मुळात कमी. आईने त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं, “बाबांना माहीत होतं?”

“होतं. आमच्या लग्नाआधीच सांगितलं होतं मी. गेलेल्या मुलीचं तुला काय सांगायचं, असं त्यांना वाटायचं. मलाही तसंच वाटलं.”

“मला बहीण आहे,” तो म्हणाला, कुणाला उद्देशून असं नाही. मग उठून त्याने अंगणातला दिवा काढला, काही बिघाड नसताना पुसला आणि परत बसवला. रात्री जेवताना म्हणाला, “मी नंतर भेटेन. आई, आधी तू जा.”

मुलीला घरी बोलवायला सासूबाई तयार नव्हत्या. “तेव्हा न्यायला मी उशिरा पोचले. आता तरी मीच जायला हवं.” नक्षीताईने फोन केला आणि काकाने काय सांगितलं होतं तेही सांगितलं. पलीकडून आवाज आला, “सकाळची फेरी संपली की दहा ते बारा बस मैदानात उभी असते. या.”

दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. मैदानात पिवळ्या बस ओळीने उभ्या होत्या. तिसऱ्या बसचं दार उघडं होतं आणि ती बाई चालकाच्या जागेवरच बसलेली होती, दोन्ही हात चाकावर, जणू रस्ता समोर आहे. सासूबाई दांडा धरून एकेक पायरी चढल्या. नक्षीताई खाली दारापाशीच थांबली.

गळाभेट झाली नाही. मुलगी वळली, तिने आईकडे नीट पाहिलं आणि पहिलं वाक्य म्हणाली, “काकाने सांगितलं आणि तू मानलंस?”

“मानलं.”

“कुठे पुरलं, कुठे जाळलं, काही विचारलं नाहीस?”

“नाही विचारलं. विचारायला हवं होतं. मी पंचवीस वर्षांची होते आणि घाबरलेली होते. पण विचारायला हवं होतं.”

मुलगी पुढच्या काचेतून बघत राहिली. “मी शाळेच्या फाटकात किती वर्षं उभी राहायचे माहितीय तुला? सगळ्यांच्या आया येईपर्यंत.”

“नाही.”

“नाहीच माहीत असणार.” तिने तोंड पुसलं. “बस तिथे. उभी राहू नकोस.”

सासूबाई पहिल्या बाकावर बसल्या. बाक लहान मुलांच्या मापाचा होता. नक्षीताईने दार अर्धवट ओढून घेतलं आणि भिंतीच्या सावलीत जाऊन बसली. एका वहीच्या पानावर तिने काहीबाही टिपलं होतं, आणि एक मेलेली मुलगी बस चालवत समोर आली होती. ते चित्र पुन्हा छापायचं नाही, हे मास्तरांना सांगायचं असं तिने ठरवलं. यापुढे कुणाकडे बघून लिहायचं झालं तर आधी त्या माणसाला विचारायचं, मग ते ताठ बसलं तरी चालेल.

काचेतून दोघी दिसत होत्या, ऐकू काही येत नव्हतं. मुलगी बोलत राहिली, हात उडवत, रागाने. सासूबाईंनी मध्ये एकदाही मान वळवली नाही. नंतर कधीतरी मुलगी चालकाची जागा सोडून पलीकडच्या बाकावर येऊन बसली.

पावणेबाराला बाकीच्या बसचे चालक येऊ लागले. नक्षीताई उठली, दाराशी गेली आणि सासूबाईंना उतरवायला हात पुढे केला.

इंजिन सुरू झालं होतं. मुलगी परत चाकामागे होती, डोळे सुजलेले, आणि मागे वळून न बघता म्हणाली, “पट्टा लाव.”

सासूबाईंनी पट्टा शोधून लावला. “तू घरी जा,” त्या सुनेला म्हणाल्या. “मी एक फेरी मारून येते.”