दारात थांबलेला नावाडी

मित्रांनो, मी एक जुना डीव्हीडी प्लेअर. माझं एक बटण कधीचंच पडलं, तिथं शर्टाचं बटण चिकटवलंय. हसू नका. माझे मालक शिंपी आहेत, त्यांना दुसरं काय सुचणार?

नवा होतो तेव्हा काय तोरा होता माझा! शेजारीपाजारी मला बघायला यायचे. आता मालकांची लेक आली की पहिलं वाक्य ठरलेलं, "आई, तो डबा भंगारात दे ना!"

मालकांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांचा एक डोळा लहानपणीच गेला. दुसऱ्यावर जन्मभर सुई ओवली, तर आता त्याच्यावरही पडदा चढला. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि म्हणाले, "दिसेल बहुतेक." ते 'बहुतेक' घरात येऊन बसलं, ते काही हलेना.

मास्तर म्हणाले, "आठ दिवस हातात आहेत. आवडते सिनेमे बघून घेतो." रोज दुपारी टीव्हीला नाक लावून बसायचे. शेजारी काकू, म्हणजे त्यांची बायको.

"त्या कोटाची डावी बाही आखूड आहे."

"अहो, मरतोय तो तिकडं! बाही कसली बघताय?"

"मग? मरताना तरी माणसाला मापाचा कोट नको?"

काकू हसायच्या, पण हात पदराशी चाळा करत राहायचा. एकदा मास्तर म्हणाले, "कुठलाही सिनेमा घे, सुख शेवटच्या पाच मिनिटांत येतं. आपली कितवी मिनिटं चाललीत, देव जाणे." काकू चहा ठेवायला उठल्या.

माझी धास्ती वेगळीच. सिनेमा लावण्याआधी मास्तर तबकडी मायेनं पुसायचे, पण खांद्यावरच्या फडक्यानं. शिंप्याचंच फडकं ते, खुणा करायच्या खडूनं माखलेलं! सगळी धूळ माझ्या डोळ्यात. हो, मलाही डोळा असतो, काचेचा, मसुराएवढा. मला रोज कमी कमी दिसायला लागलं. ओरडून सांगावं, तर तोंड कुठंय?

शेवटच्या दुपारी त्यांनी न पाहिलेला सिनेमा लावला. एक नावाडी सुख शोधत गावोगाव फिरतो, म्हातारा होऊन आपल्याच घरी येतो. दारावर थाप मारायला हात उचलतो, आणि नेमका मी अडकलो. कितीही जोर लावला तरी पुढचं दिसेना. त्याचा हात तसाच हवेत.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "दार कोणी उघडलं, ते कळलंच नाही."

ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी घेऊन मास्तर घरी आले, तेव्हा लेकीनं मला पिशवीत घालून दाराशी ठेवलं होतं. मास्तरांचा पाय पिशवीला लागला. त्यांनी चाचपून पाहिलं, शर्टाचं बटण हाताला लागलं.

"अगं, तो नावाडी अजून दारात उभा आहे. त्याला भंगारात देतेस?"

लेक ओशाळली. काकूंनी मात्र शिलाई मशीनचा छोटा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि माझं झाकण उघडलं. "अगंबाई! हा तर खडू!" आगकाडीला कापूस गुंडाळून त्यांनी माझा डोळा असा पुसला, जसा लेकराचा पुसतात.

चौथ्या दिवशी दवाखान्यात पट्टी निघाली. दिसतंय का विचारलं, तर मास्तर म्हणाले, "आधी घरी चल, नावाडी लाव." काकूंनी मला चालू केलं. माझा जीव मुठीत. नावाडी दाराशी आला, हात उचलला, थाप वाजली. मी अडकलो नाही!

मास्तर पडद्याकडे बघतच नव्हते.

"तुझ्या बाहीची शिवण उसवलीय."

काकू दचकल्या. "दिसतंय?"

"कधीपासून उसवलीय?"

"वर्ष झालं असेल."

"शिंप्याची बायको तू! सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला दिसत नव्हतं. उगाच जिवाला लागलं असतं."

मास्तरांनी सुई मागितली. दोनदा दोरा चुकला, तिसऱ्यांदा गेला. काकूंचा हात मांडीवर घेऊन ते टाके घालू लागले. इकडं माझ्या सिनेमात दार उघडलं, गळाभेट झाली, नावंसुद्धा येऊन गेली. कोणी ढुंकून पाहिलं नाही. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

तेव्हा मित्रांनो, जुनी वस्तू अडकली तर फेकायच्या आधी तिचा डोळा पुसून बघा, आणि फडकं स्वच्छ घ्या बाबांनो. आणि शेजारी बसलेल्या माणसाची बाही बघत जा. सिनेमा काय, मी पुन्हा लावीन.