चारवर अडकलेला काटा

मी एक जुना सेंट्रिफ्यूज आहे. मित्रांनो, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत खिडकीखाली जो राखाडी डबा आहे, ज्यावर तुम्ही दप्तरं टाकता, तोच मी. माझ्या पोटात नळ्या ठेवून झाकण लावलं की मी त्या गरागरा फिरवायचो. जड ते तळाशी बसायचं, हलकं वर राहायचं. स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही. आता वीज तोडलेली आहे, तरी आत काहीतरी फिरतच असतं. त्याचं कारण सांगतो.

माझी उमेदीची वर्षं एका संशोधन संस्थेत बाईंच्या हाताखाली गेली. बाई रेणवीय जीवशास्त्रज्ञ. पेशीतल्या एका प्रथिनामागे त्या हात धुऊन लागल्या होत्या. प्रथिन नाजूक, कोमट झालं की तुटायचं. म्हणून माझ्या पोटात चार अंशांची थंडी लागे. एकदा मी बिघडलो. मेकॅनिकने मला उघडलं, शीळ घालत पुन्हा जोडलं आणि तापमान मोजणारी तार चुकून गार नळीला टेकवून तो निघून गेला. तेव्हापासून पोटात अठरा अंश असले तरी माझा काटा चार दाखवायचा. मला कळत होतं. पण घरघरण्यापलीकडे मला बोलता येत नाही, आणि घरघर मी आधीपासूनच करत होतो.

आठ महिन्यांनी बाईंना त्या प्रथिनाचा एक आखूड तुकडा सापडला. पेशीत असा तुकडा नव्हताच. तो माझ्या उबेत तुटत होता. शोधनिबंध गाजला. तीनशे बारा निबंधांनी त्याचा दाखला दिला. त्यातल्या काही जणांनी तो वाचलाही होता. पुष्कळांना तुकडा सापडलासुद्धा, कारण जगात कोमट यंत्र मी एकटाच नव्हतो. ज्यांना सापडला नाही, ते आपलीच चूक समजून गप्प बसले.

बाईंची एक विद्यार्थिनी मात्र गप्प बसली नाही. दुसऱ्या संस्थेत जाऊन नव्या कोऱ्या यंत्रावर ती दोन वर्षं खपली, तुकडा मिळेना. भेटायला आली तेव्हा बाई म्हणाल्या, "तुझा हात अजून बसलेला नाही गं." तिने माझ्याकडे पाहिलं. मी चार दाखवत होतो. पुढच्या वर्षी तिने संशोधन सोडलं.

बऱ्याच वर्षांनी माझ्या जागी नवं यंत्र आलं आणि तुकडा गायब झाला. सगळ्यांनी एकमताने नव्या यंत्राला नावं ठेवली. मला प्रवेशद्वाराशी मांडून 'थोर शोध याच यंत्रावर लागला' अशी पितळी पाटी ठोकली. येणारेजाणारे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. बाई तेवढ्या माझ्याभोवती घुटमळत, पाटी वाचत, परत फिरत. एका दुपारी त्यांनी शिपायाकडून वीज जोडून घेतली, नळीत पाणी भरून मला अर्धा तास फिरवलं आणि झाकण उघडून त्या पाण्यात साधा काचेचा तापमापक बुडवला. माझा काटा चारवर होता. पारा अठरावर.

संचालक म्हणाले, "चार महिन्यांनी तुमचा निरोप समारंभ. सभागृहसुद्धा ठरलंय. आता कशाला उकरून काढता, बाई?"

"साहेब, अजून कुणाची तरी लेक तो तुकडा शोधत बसली असेल."

बाईंनी शोधनिबंध मागे घेतला. समारंभ झाला, जरा आटोपशीर झाला. माझी पाटी निघाली, तिच्या स्क्रूंची चार भोकं राहिली. मागे घेतल्याचं पत्र फारसं कुणी वाचलं नाही. दाखले आता साडेतीनशेच्या घरात आहेत.

मग बाई स्वतः टेम्पोत पुढे बसून मला इथे घेऊन आल्या. कारण ती विद्यार्थिनी म्हणजे तुमच्या विज्ञानाच्या मॅडम. सगळं ऐकून मॅडमनी एवढंच विचारलं, "म्हणजे माझा हात बरोबर होता?"

"होता. मी तुझ्यापेक्षा याच्यावर जास्त विश्वास ठेवला."

मॅडम बराच वेळ माझ्या झाकणावरची धूळ बोटाने पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा राहू दे इथे. चहाचं विचारत नाही बाई, माझा तास आहे."

मित्रांनो, यंत्रांना पुसा, जपा, आणि वर्षातून एकदा तरी त्यांना खोटं ठरवायचा प्रयत्न करा. आम्हाला राग येत नाही. वर्गात एखादीचं उत्तर सगळ्यांपेक्षा वेगळं आलं, तर तिच्या हाताला बोल लावण्याआधी माझ्याकडे या. वीज नाही, खिडकीतून ऊन थेट माझ्या पाठीवर येतं, दुपारी झाकणाला हात लावला तर चटका बसतो. आणि गंजून अडकलेला माझा काटा अजून चारवर आहे.