श्रावणाचं ढेकूळ

"श्रावणनं ढेकूळ कोनतं शे, तेवढं माले आताच सांगी ठेव," ओसरीच्या पायरीवर बसत झुंबरबाई म्हणाली.

"कसं सांगू, माय? आजून घागर बी मांडेल नही," चंद्रभागा म्हणाली आणि ओसरी धुवायला बादली उचलली.

उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सटाण्याकडच्या या गावात आदल्या सांजेला मातीची चार ढेकळं मांडतात. ज्येष्ठ, आषाढ, श्रावण आणि भादवा, असे पावसाचे चार महिने. त्यांच्यावर नवी घागर भरून ठेवायची. घागर पाझरते, आणि सकाळी जे ढेकूळ जास्त भिजलेलं दिसेल, त्या महिन्यात पाऊस जास्त. तसा हवामानाचा अंदाज आता प्रत्येकाच्या फोनवर येतो. तरीही आखाजीला सगळी गल्ली जमायची ती कारभारी आप्पांच्याच ओसरीवर.

यंदा आप्पाच नव्हते. थंडीत गेले. आखाजीची घागर गेलेल्या माणसाच्या नावानं भरतात, म्हणजे आयुष्यभर जी घागर त्यांनी मांडली ती या वर्षी त्यांच्याच नावानं भरायची होती. आणि मांडायची होती त्यांच्या बायकोनं, चंद्रभागानं, जिला त्यांनी कधी ढेकळाला हात लावू दिला नव्हता.

झुंबरबाईचा जीव श्रावणावर टांगलेला होता. विधवा बाई, रविराज एकुलता एक. दोन श्रावण कोरडे गेले, कणसं भरायच्या वेळी मका उभा वाळला. यंदाही श्रावणात खंड पडेल असं फोन म्हणत होता. नाशिकला, द्वारका चौकाजवळ, एका मालवाहतूकवाल्याकडे रविराजला ड्रायव्हरची नोकरी मिळत होती. जमीन बटाईनं देऊन जातो म्हणाला. आईनं रडून एवढंच कबूल करून घेतलं, की आखाजीची ढेकळं पाहू, मग काय ते ठरव.

झुंबरबाई गेल्यावर चंद्रभागानं बादली ओतली. पाणी नेहमीसारखं खांबाजवळच्या कोपऱ्याकडे धावलं. फरशीवर तिथं घागरीचा जुना गोल डाग होता. ती खराटा घेऊन वाकली आणि वाकलेलीच राहिली.

बाई मुळात चिकित्सक. दव गोठ्याच्या पत्र्यावर पडतं तसं कडब्यावर का दिसत नाही, उकाडा वाढला की मीठ का पाझरतं, असल्या प्रश्नांनी तिनं नवऱ्याला भंडावून सोडलं होतं. तिनं तांब्याभर पाणी आणून बरोबर डागाच्या मधोमध ओतलं. पाणी एकाच बाजूला गेलं. पुन्हा ओतलं. पुन्हा तिकडेच.

म्हणजे घागरीचं पाणी त्या बाजूच्या ढेकळालाच जास्त मिळणार! ते मग कोणत्याही महिन्याचं असो.

ती खाली बसली आणि एकेक आखाजी आठवू लागली. विहिरी आटल्या होत्या त्या साली ज्येष्ठ भिजला होता. सगळ्यांना श्रावणाची धास्ती होती तेव्हा श्रावण. भादवा मात्र कधीच फार भिजला नाही. कसा भिजेल? भादव्याच्या झडीत कांद्याचं रोप सडतं, मग आप्पा ते ढेकूळ उताराला ठेवतील कशाला?

आधी तिला हसू आलं. इतका लबाड माणूस, आणि चेहरा कसा देवमाणसाचा! मग राग आला. गल्लीला फसवलं ते फसवलं, पण घरच्या बाईला तरी सांगायचं. रागाच्या मागून रडू आलं, कारण भांडायला माणूसच उरलं नव्हतं.

आपण झुंबरबाईला फसवायचं नाही, असं तिनं ठरवलं. शिवाय ढेकळांना मोकळं सोडलं तर ती खरोखर काय सांगतील, हे पाहायची उत्सुकताही होतीच. सांजेला तिनं एकाच शेतातली चार सारखी ढेकळं आणली आणि ओसरीच्या मधोमध, सपाट जागी घागर मांडली.

सकाळी गल्ली जमली. रविराजनं घागर उचलली. ज्येष्ठ ओला, आषाढ ओला, भादवा अर्धा. श्रावणाचं ढेकूळ मात्र तळापर्यंत कोरडं होतं.

झुंबरबाईनं पदर तोंडाला लावला. रविराजनं ढेकळावरून नजर काढून खांबाकडे पाहिलं.

"काकू, तुमनी जागा चुकनी," तो म्हणाला. "आप्पा घागर तठे मांडेत. खांबजोडे."

"तठे उतार शे, भाऊ."

"माले ठाऊक शे. बठ्ठी गल्लीले ठाऊक शे."

चंद्रभागानं सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी खाली पाहिलं.

"मंग दरसाल येतस कसाले?" तिचा आवाज चढला.

म्हातारा सावळीराम खाकरला. "आप्पा सांगे, मंग पेराले हात उठे, माय."

एवढ्या वर्षांत ही गोष्ट ठाऊक नव्हती ती फक्त तिलाच.

"तठे मांडू का?" रविराजनं विचारलं. घागर अजून त्याच्या हातात होती आणि नजर खांबाजवळच्या डागावर. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. या पोराला जायचंच नव्हतं. राहा म्हणणारं कोणीतरी त्याला हवं होतं, आणि आईच्या रडण्यापेक्षा ढेकळाचं ऐकलं म्हणणं त्याला सोपं जाणार होतं.

"आनि पानी नही पडनं त?"

"नही पडनं त नही पडनं. आप्पास्ना नावनी घागर शे, ती तिना जागावर तरी ऱ्हाऊ द्या."

चंद्रभागानं कोरडं ढेकूळ स्वतःच्या हातानं उचललं. खांबाजवळ, उताराच्या बाजूला नीट बसवलं आणि बाकीची तीन लावून दिली. रविराजनं घागर वर ठेवली.

घरी कोणीच गेलं नाही. पोळ्यांचा खोळंबा झाला, उन्हं पायरीवर आली, तरी माणसं बसून राहिली आणि जणू काही ठाऊकच नाही अशी ढेकळाकडे पाहत राहिली. बऱ्याच वेळानं घागरीच्या पोटाखाली थेंब धरला, ओघळला, आणि ढेकळाची एक कड काळी झाली.

"भिजनं," झुंबरबाई म्हणाली.

"व्हय," रविराज म्हणाला. "मकानं बियानं पाहनं पडी आते."

चंद्रभागानं फडकं घेतलं आणि ओसरीवर सांडलेलं पाणी पुसत आली. खांबाजवळच्या कोपऱ्यापाशी येताच तिचा हात थांबला. तेवढं पाणी तिनं तसंच राहू दिलं.