सा गावाला गेला तेव्हा

मार्गशीर्षातलं हळदुलं ऊन. मिरजेच्या गच्चीवर पालथे वाळणारे तंबोऱ्यांचे भोपळे. पुस्तकात विसरलेलं सुरंगीचं फूल. पांढरी एकच्या सुरात लावलेला तंबोरा. कान देऊन बसलेली पाल.

आणि एक भिंत. अलीकडे शरयूबाईंचा गायनवर्ग. पलीकडे सून रेजिनाचा, वसईहून तिच्यासोबत आलेला पियानो. तीन महिने. अलीकडे मुलींचे सूर ढळू लागले, पलीकडे रेजिनाची बोटं चोरपावलांनी चालू लागली. शेवटी तीच म्हणाली होती, "आई, गुरुवारी चारला पियानो माहेरी पाठवते."

आज गुरुवार. अडीचचं ऊन काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर सांडलेलं. दारात तंबोरा घेऊन शरयूबाई.

"ते तुझं सोनाटा का काय, एकदा माझ्या सुरावर वाजव. कळू दे तरी, काय घालवतोय."

तारा मिळाल्या. तंबोरा बोलू लागला, धीरगंभीर, डोहगहिरा. त्यावर पहिली धून उतरली : ताठ मानेची, उजळ कपाळाची. जुळली. शरयूबाईंचे डोळे मिटले.

मग दुसरी. मऊ, लाजरी, दवभिजल्या पावलांची. आणि तारेशी तिची ठिणगी उडाली.

"थांब! तुझा सा पळाला."

"पळाला नाही, आई. गावाला गेलाय."

"आमचा उंबरा ओलांडत नाही हो!"

"आमचा ओलांडतो. तुम्ही फक्त तार सोडू नका."

सोडली नाही. पुढे नुसती वादळवाट. दोन्ही धुनांचे तुकडे, तुकड्यांचे तुकडे. कर्कश, करुण, दिशा हरवलेले. तंबोऱ्याशी भांडणारे, तंबोऱ्याभोवतीच घोटाळणारे. शरयूबाईंच्या कपाळावर घाम. बोट तारेवर. षड्ज. षड्ज. षड्ज. दार उघडं ठेवून वाट पाहणाऱ्या घरासारखा षड्ज.

आणि पहिली धून परतली. तिच्यामागून दुसरी. तीच. तेच लाजरं वळण, तीच मऊ चाल, अंगावरचा एकही दागिना न उतरवलेली. पण आता याच षड्जावर उभी. तार आणि ती, मध्ये केसाइतकीही फट नाही.

"अगं," शरयूबाई डोळे उघडून म्हणाल्या, "ही तर इथलीच झाली!"

"म्हणून तर एवढं भटकायचं, आई."

शेवटचा सूर विझला. तंबोरा वाजतच राहिला. ऊन भिंत चढत गेलं, सोनसळी, सावकाश, श्वासासारखं.

टेम्पोवाल्याला शरयूबाईंनी सकाळी आठलाच फोन केला होता : येऊ नका.