व्हर्जिलची घळ

“तिथं नको,” व्हर्जिल म्हणाला. डोरीनने नकाशावर दाखवलेली सकाळपासूनची ही पाचवी जागा.

“का नको?”

“रस्त्याला लागून आहे. साऱ्या जगाच्या गाड्या येऊन उभ्या असतात.”

“बरं, मग खिंडीपलीकडे?”

“सात मैल चाल आहे. एल्क पडला तर एवढं मांस कोण वाहणार? घोडे विकायला लावलेस ना.”

“मी? चारा टाकायचा कंटाळा तुला आला होता.”

डोरीन मोंटानातल्या एका लहान गावात शाळेची बस चालवायची. पोरांचा गोंगाट ती रोज निमूट सोसे, पण थोरल्या भावाची तीन आठवड्यांची कुरकुर ऐकून तिचं डोकं उठलं होतं. सप्टेंबरचे नऊ दिवस सरकारी जंगलात धनुष्य घेऊन एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीला हिंडायचं, हा दोघांचा चोवीस वर्षांचा नेम. जागा नेहमी तोच ठरवायचा. यंदा त्याने सगळं तिच्यावर टाकलं, आणि वर प्रत्येक बेतात खोट काढली. तिला रजेच्या तारखा तर आज दुपारपर्यंत कळवायच्या होत्या.

“निदान तुझ्या धनुष्याची दोरी तरी दुकानात दाखवून आणते,” म्हणत ती तणतणत गॅरेजमध्ये गेली. खुंटीवरचं धनुष्य काढून तिने सवयीने दोरी ओढली. ती अलगद मागे आली. एरवी हे धनुष्य तिच्याच्याने निम्मंही ओढलं जात नसे. आता त्याचे ताण कमीजास्त करायचे दोन्ही स्क्रू पार ढिले केलेले होते. एवढ्याशा ताणाचा बाण एल्कला नुसता जखमी करून पळवून लावील.

वळून पाहिलं तर दारात व्हर्जिल.

“खांदा,” तो म्हणाला. “जूनपासून. डॉक्टर म्हणतो, आता एवढाच ताण चालेल.”

“आणि तीन आठवडे माझं डोकं खाल्लंस? एका वाक्यात सांगता येत नव्हतं?”

“नव्हतं येत.” तो जमिनीकडे बघत राहिला. “वाटलं, तूच वैतागून बेत मोडशील.”

“मोडत नाही. पिपाणीने नराला साद घालून झाडीबाहेर काढावं तर तूच. तू साद घाल, बाण मी मारते.”

“म्हणजे तुझ्यामागे बसून पिपाणी वाजवू?”

“वाजव. चोवीस वर्षं मी मागेच बसलेय.”

स्वयंपाकघरात परतून त्याने चष्मा लावला, उभ्यानेच नकाशा स्वतःकडे ओढला आणि वणव्यात जळालेल्या उतारामागची एक अरुंद घळ दाखवली. तिकडे दोघं मिळून कधीच गेले नव्हते.

“दर वर्षी एक दिवस मी एकटा जायचो ना, तो इथं. ही जागा कोणाला सांगितलेली नाही.”

“मलाही?”

“तुलाही. आता ऐक. पहाटे वारा वरून खाली येतो, आपला वास वर जात नाही, तेव्हा खालूनच चढायचं. झऱ्याजवळ तंबू टाकायचा नाही. दोन पडलेल्या देवदारांपाशी थांबायचं. लिहितेयस ना?”

“तिथं गेल्यावर दाखव की.”

“दाखवीन,” तो म्हणाला. “तरी लिहून घे.”